डेटाबेसच्या पुस्तकातली न मरणारी पानं

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस २००३’ असं नाव मिरवणारं एखादं जाडजूड पुस्तक सापडलं, तर लगेच खाली ठेवू नका. उघडून बघा. त्यातली बरीचशी चित्रं आजच्या कॉम्प्युटरवर दिसायचीच नाहीत. वरचे मेनू गेले, २००७ साली त्यांच्या जागी रिबन आली. फाइलच्या नावामागचं ‘एमडीबी’ जाऊन ‘एसीसीडीबी’ आलं. पुस्तक सांगतं तिथं क्लिक करायला जावं, तर तिथं काहीच नाही! आणि मग मध्येच एक प्रकरण येतं, टेबलांमधल्या नात्यांचं. त्यातला विचार आजच्या ॲक्सेसवर जसाच्या तसा चालतो. फाइलमेकरवर चालतो. लिबरऑफिसच्या बेसवर चालतो, आणि लिबरऑफिस तर हे पुस्तक छापलं तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या पानांची आयुष्यं इतकी वेगळी कशी? याचं उत्तर कळलं की डेटाबेस शिकायला कुठलं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न जवळजवळ सुटतो. आणि ते उत्तर शोधताना जे दिसतं, ते भारीच आहे.

मागे जाऊ या, जून १९७० मध्ये. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाचा एक शोधनिबंध छापून आला. कॉड मूळचा इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. निबंध अवघा ११ पानांचा. तोवर कॉम्प्युटरमधली माहिती शोधायची तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाट माहीत असावी लागे: या नोंदीवरून त्या नोंदीवर जा, तिथून पुढच्या. रचना बदलली की सगळ्या वाटा मोडल्या. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा. ओळी आणि रकाने, बस. माणसानं फक्त काय हवंय ते सांगावं, कसं शोधायचं ते यंत्रानं ठरवावं. कल्पना करा, कॉम्प्युटर खोलीभर जागा व्यापत होते त्या काळात हा माणूस म्हणतोय की वापरणाऱ्यानं आतली वाट माहीत करूनच घेऊ नये!

पण साध्या तक्त्यांत एवढं काय आहे? एक उदाहरण मांडून बघू.

समजा, तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. देवघेवीची एकच वही. प्रत्येक ओळीत तारीख, सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तकाचं नाव, लेखक. शिंदे गुरुजी पट्टीचे वाचणारे, त्यामुळे त्यांचा पत्ता वहीत दोनशे वेळा आलाय. गुरुजी पेठेतलं घर सोडून नव्या कॉलनीत राहायला गेले. आता दोनशे ठिकाणी खाडाखोड करायची? एक ओळ जरी राहिली तरी वही सांगणार की गुरुजी एकाच वेळी दोन घरांत राहतात. बरं, कालच खरेदी केलेलं आणि अजून कुणीच न नेलेलं पुस्तक या वहीत लिहायचं कुठं? त्याच्यासाठी ओळच नाही. आणि जुनी पानं जीर्ण झाली म्हणून काढून टाकली, तर ज्या सभासदानं एकदाच पुस्तक नेलं होतं, तो सभासद म्हणूनच नाहीसा होतो.

बघा, कुणाची चूक नाही, कुणी आळस केलेला नाही. वहीची आखणीच अशी आहे की खोटेपणा आपोआप शिरावा.

आता तीन तक्ते करा. पहिल्यात सभासद: प्रत्येकाची एकच ओळ, तिला एक क्रमांक. दुसऱ्यात पुस्तकं: प्रत्येक प्रतीची एकच ओळ आणि तिचा दाखल क्रमांक, जो ग्रंथपाल शिक्का मारून पहिल्या पानावर लिहितातच. आणि तिसऱ्या तक्त्यात? चारच रकाने. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. गुरुजींचा पत्ता आता जगात एकाच ठिकाणी आहे. तो तिथं बदलला की सगळीकडे बदलला. न नेलेलं पुस्तक दुसऱ्या तक्त्यात खुशाल बसलंय.

थांबून पाहावं असा आहे तो तिसरा तक्ता. त्यात माणूसही नाही आणि पुस्तकही नाही, आहे ती एक घटना. एक सभासद अनेक पुस्तकं नेतो, एक पुस्तक अनेक सभासदांकडे जातं. हा दोन्ही बाजूंनी वाढलेला गुंता चार रकान्यांनी सोडवला! ॲक्सेसच्या रिलेशनशिप्स खिडकीत ही नाती काढली की दोन तक्त्यांमध्ये रेघ उमटते. नात्याची अट कडक पाळायला सांगितली असेल, तर तिच्या एका टोकाला १ असतो आणि दुसऱ्या टोकाला ∞. अनंताचं चिन्ह, वाचनालयाच्या हिशेबात! नातं काढतानाच एक छोटी चौकट असते, ही अट कडक पाळायची का, असं विचारणारी. तिच्यावर खूण करा आणि मग मुद्दाम, नसलेल्या ९९९ क्रमांकाच्या सभासदाच्या नावावर पुस्तक चढवून बघा. ॲक्सेस ती ओळ घेतच नाही. असा सभासद अस्तित्वात नाही, हे त्याला कुणी वेगळं शिकवलेलं नाही. ते तक्त्यांच्या आखणीतूनच आलं.

म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलं की माझी पहिली सूचना ही: अनुक्रमणिकेत हा तिसरा तक्ता कुठं आहे ते शोधा. फॉर्मचे रंग, रिपोर्टचे मथळे, बटणांचे आकार यांच्यावर पानंच्या पानं खर्चून शेवटी कुठंतरी नात्यांना चार पानं दिली असतील, तर ते पुस्तक तुम्हाला आधी घर रंगवायला लावणार आणि मग पाया खणायला.

आता प्रश्न असा की आयबीएमच्या अवाढव्य यंत्रांसाठी सुचलेली गोष्ट टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर आली कशी? तिची सुरुवात गमतीदार आहे. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जिथं ग्रहांकडे जाणारी यानं घडतात तिथं, वेन रॅटलिफ नावाचा प्रोग्रामर होता. ऑफिसात फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागायच्या, त्या जिंकायला आकडेवारी हाताशी हवी म्हणून त्यानं घरी एक प्रोग्राम लिहायला घेतला. नाव ठेवलं व्हल्कन. तो पुढे ॲश्टन-टेट या कंपनीनं डीबेस टू या नावानं विकला. डीबेस वन कधी नव्हताच! दुसरी आवृत्ती म्हटलं की माल मुरलेला वाटतो, एवढंच कारण. त्याच घराण्यातून पुढे फॉक्सप्रो आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डीबेस थ्री प्लस आणि फॉक्सप्रो ही नावं ऐकत एक पिढी वाढली. आर. के. टक्साली यांची पुस्तकं तेव्हा कित्येकांच्या हातात असायची. त्या काळच्या पुस्तकांमध्ये ठिपक्यापुढे आज्ञा टाइप करायला शिकवत. यूज, लिस्ट, अपेंड. आज्ञा पाठ, तर डेटाबेस पाठ.

मग नोव्हेंबर १९९२ मध्ये ॲक्सेसची पहिली आवृत्ती आली आणि आज्ञांच्या जागी जाळी आली. वरच्या भागात तक्ते ओढून आणायचे, खालच्या चौकटींत हवे ते रकाने टाकायचे, अट लिहायची आणि चालवायचं. ही जाळी मायक्रोसॉफ्टची मूळ कल्पना नाही. आयबीएमच्याच मोशे झ्लूफ यानं सत्तरच्या दशकात सुचवलं होतं की प्रश्न वाक्यात विचारण्याऐवजी रिकाम्या तक्त्यात उत्तराचा नमुना भरून विचारावा. आता गंमत करा. जाळी भरून झाली की ॲक्सेसमध्ये एसक्यूएल व्ह्यू उघडा. तुम्ही फक्त माऊस ओढला होता, आणि तिथं एक पूर्ण वाक्य लिहून तयार आहे! हे रकाने, या तक्त्यांतून, या अटीवर. ती एसक्यूएल भाषाही आयबीएममधलीच, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली. चित्र आणि वाक्य ही एकाच प्रश्नाची दोन रूपं आहेत हे जे पुस्तक दाखवतं, ते तुम्हाला ॲक्सेसच्या पलीकडचंही शिकवून जातं. जे फक्त जाळी शिकवून थांबतं, त्यावर पैसे घालवताना मी दोनदा विचार करेन.

ॲक्सेसच्या पुस्तकांमध्ये सरावासाठी वर्षानुवर्षं एकच दुकान भेटत आलंय. नॉर्थविंड ट्रेडर्स. हे दुकान कुठंच नाही. मायक्रोसॉफ्टनं नमुन्यासाठी रचलेली ती एक काल्पनिक कंपनी आहे. तिच्या जुन्या, गाजलेल्या रूपात ७७ वस्तू, ९१ ग्राहक आणि ८३० ऑर्डरी आहेत. वस्तूंच्या तक्त्यातली क्रमांक एकची वस्तू कुठली असेल? चहा! चक्क ‘चाय’ या नावानं. १० खोक्यांत २०-२० पिशव्या, किंमत १८ डॉलर.

पण खरा खजिना पहिल्या ऑर्डरीत आहे, क्रमांक १०२४८. त्यात तीन वस्तू: काब्रालेस नावाचं स्पॅनिश चीज १२, सिंगापुरी नूडल्स १० आणि मोझरेला ५. ऑर्डरीच्या तपशिलात या तिन्हींचे भाव आहेत १४ डॉलर, ९.८० आणि ३४.८०. आता वस्तूंच्या तक्त्यात जा. तिथं त्याच चीजचा भाव २१ आहे आणि नूडल्सचा १४. अरेच्चा! एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, असं आत्ताच तर आपण शिकलो. मग भाव दोन ठिकाणी का? आणि तोही वेगवेगळा?

कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे आजचा भाव. दुसरा आहे त्या दिवशी, त्या ग्राहकाला लावलेला भाव. उद्या चीज महागलं म्हणून गेल्या वर्षीची बिलं वाढून चालणार नाहीत. आणि या ऑर्डरीची बेरीज? १६८, ९८ आणि १७४ मिळून ४४० डॉलर. हा ४४० आकडा मात्र कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नाही! विचारलं की दर वेळी नव्यानं काढला जातो. म्हणजे सारखी दिसणारी गोष्ट दोनदा लिहिलीय आणि सगळ्यांना हवी असलेली गोष्ट एकदाही लिहिलेली नाही, आणि दोन्ही अगदी बरोबर. डेटाबेस रचण्याची सगळी कला या एका बिलात मावलीय. पुस्तक नॉर्थविंड वापरत असेल, तर लेखक या दोन भावांपाशी थांबलाय का ते बघा. स्वतःचं उदाहरण घेत असेल, तर त्यात बिल आहे का आणि बिलातल्या भावाचं त्यानं काय केलंय ते बघा. या एका पानावरून लेखकाची पारख होते.

दुसरं पान रिकाम्या चौकटीचं. समजा शंभर सभासद आहेत. गाव सातारा असलेले किती? ४०. गाव सातारा नसलेले किती? ५०. उरलेले दहा गेले कुठं? त्यांच्या गावाची चौकट रिकामी आहे. रिकामी म्हणजे ‘माहीत नाही’, आणि माहीत नसलेलं गाव सातारा आहे का, याचं उत्तर हो नाही आणि नाहीही नाही. डेटाबेस तिसरं उत्तर देतो आणि ते दहा जण दोन्ही याद्यांतून निसटतात. इतकी वर्षं आपण हो आणि नाही या दोनच उत्तरांवर विसंबून तर्क करत आलो, आणि एक रिकामी चौकट त्यात तिसरं दार उघडते! अशा रिकाम्या चौकटीला ‘नल’ म्हणतात. पुस्तकाच्या सूचीत हा शब्द शोधा. नसेल, तर तुमच्या बेरजा का चुकतात हे त्या पुस्तकातून कळणार नाही.

आणि सूचीचा विषय निघालाच आहे, तर जाडजूड पुस्तकात एखादी गोष्ट शोधायला आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. शेवटच्या सूचीत अक्षर पकडतो आणि थेट पानावर जातो. डेटाबेसही रकान्याची अशीच सूची ठेवतो, तिलाच इंडेक्स म्हणतात. बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक करामत केली: सूचीचीच सूची, आणि तिचीही सूची. एका पानावर शंभर नोंदी मावतात असं धरा. मग तीन पानं पालटली की दहा लाख नोंदींमधली हवी ती एक सापडते. तीनच! चौथं पान पालटलं की दहा कोटी. पुस्तकाची सूची पुस्तकाबरोबर छापून गोठते. ही मात्र प्रत्येक नव्या नोंदीबरोबर स्वतःला सावरत राहते. आपण पुस्तक चाळताना त्याची सूची किती बारकाईनं केलीय हे जरूर पाहावं, कारण असलं पुस्तक सलग एकदाच वाचलं जातं आणि नंतर सूचीतूनच उघडलं जातं.

मरणाऱ्या पानांबद्दल फार बोलायला नको, पण एक जात ओळखून ठेवा: ‘तुमचा डेटाबेस इंटरनेटवर ठेवा’. ॲक्सेस २००० मध्ये त्यासाठी डेटा ॲक्सेस पेजेस आली, २००७ मध्ये ती करायची सोयच गेली. २०१० मध्ये वेब डेटाबेस आले. २०१३ मध्ये त्यांच्या जागी वेब ॲप्स आली, तीही पुढे बंद झाली. प्रत्येक वेळी त्यांच्यावर प्रकरणं लिहिली गेली आणि प्रत्येक वेळी ती वाया गेली. जुनं पुस्तक घेताना या पानांचे पैसे मोजू नका.

तर घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: एक नाही, दोन पुस्तकं घ्या, आणि दोन वेगवेगळ्या जातींची. पहिलं, ज्यात कुठलंही सॉफ्टवेअर नाही. मायकेल हर्नांडेझ यांचं ‘डेटाबेस डिझाइन फॉर मियर मॉर्टल्स’ हे १९९७ मध्ये प्रथम आलं आणि अजून नव्या आवृत्त्या घेतंय. कागद, पेन्सिल आणि लोकांना विचारायचे प्रश्न, यांवर ते चालतं. त्यात बटण नाही, म्हणून ते शिळंही होत नाही. याची जुनी प्रतही बेलाशक घ्यावी. दुसरं, तुमच्या कॉम्प्युटरवर आहे त्याच आवृत्तीचं, चित्रं जुळणारं. मॅथ्यू मॅकडॉनल्ड यांचं ‘द मिसिंग मॅन्युअल’ नवख्यांना हात धरून नेतं. त्याच्या उदाहरणात मान डोलावणाऱ्या बाहुल्यांचा संग्रह आहे आणि तो अगदी लोभस आहे. जॉन व्हिएस्कास आणि जेफ कॉनराड यांची ‘इनसाइड आउट’ मालिका हजारावर पानांची. ती सुरुवातीला नको, अडल्यावर हवी. मॅक वापरत असाल, तर ॲक्सेस त्यावर येतच नाही. फाइलमेकर किंवा मोफत मिळणारं लिबरऑफिस बेस बघा. पहिलं पुस्तक मात्र तेच राहील.

आणि ज्यांना आतलं यंत्रच उघडून बघायचंय, त्यांच्यासाठी एक मुंबईच्या अभिमानाची गोष्ट. जगभरच्या विद्यापीठांत डेटाबेस शिकवताना वापरलं जाणारं, मुखपृष्ठावर शिडाच्या होड्यांची चित्रं असणारं ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ हे पुस्तक सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन या तिघांचं आहे. त्यातले एस. सुदर्शन पवईच्या आयआयटीतले! इंडेक्सची ती करामत तिथं चित्रांसह उलगडलीय.

मराठी वापरणाऱ्याला एका गोष्टीची तयारी स्वतःच ठेवावी लागते, कारण परदेशी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात ती सहसा येत नाही. ॲक्सेस युनिकोड साठवू लागलं ते २००० च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या फायलींत जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये मराठी नावं टाइप केलेली असत. पडद्यावर देवनागरी, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खूण. त्यामुळे यादी अकारविल्हे लावायला सांगितली की क्रम कुठल्या कुठं जायचा. आज तो त्रास नाही, पण मोजणी वेगळीच आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्याला चार अक्षरांचं वाटतं ना? युनिकोडमध्ये ते दहा खुणांचं आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. पुस्तक सांगेल की नावाच्या रकान्याची लांबी आठ पुरे, आणि तुमचा ज्ञानेश्वर ‘ज्ञानेश्’पाशी अडेल. नमुन्यातल्या जॉन आणि मेरीला पुरलेली लांबी आपल्या जोडाक्षरांना पुरत नाही. तेव्हा पुस्तकातला पहिला सराव करतानाच नमुन्यातली नावं काढा, आपल्या गावच्या वाचनालयातल्या सभासदांची भरा आणि लांबी सरळ ६० ठेवा.